कासऱ्यापासून स्टेअरिंगपर्यंत

पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. सातारा शहराच्या कडेला असलेल्या आपल्या वस्तीत अजून दिवे लागलेले नसतात. अशा वेळी एका घराचे दार वाजते, बादलीत पाणी पडते आणि एक तेवीस वर्षांचा तरुण फडके पिळून मोटारीची काच पुसू लागतो. काच झाली की चारही चाके हाताने दाबून बघतो, बॉनेट उघडून तेलपाणी पाहतो. आत आई चहा ठेवते. कप हातात देताना तिचे एकच वाक्य ठरलेले आहे, "दमानं जा रं बाबा."

या तरुणाबरोबर आम्ही एक पूर्ण दिवस काढला. नाव छापायचे नाही, हे त्याने पहिल्यांदाच बजावले. का, असे विचारताच म्हणाला, "काका, आमचा मालक पेपर वाचत न्हाय, पण त्याला वाचून दाखवणारे लई हायत." म्हणून या लेखात त्याचे नाव नाही आणि मालकाचेही नाही. तरीही वाचकहो, हा मुलगा तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. बारावीपर्यंत शिक्षण झाले, पुढे पैशांअभावी थांबले. भरतीची वाट पाहिली, नंबर लागला नाही. शेवटी हातात स्टेअरिंग आले. रिक्षा, टेम्पो, डंपर, रुग्णवाहिका, भाड्याची मोटार अशा कोणत्या ना कोणत्या चाकावर आपल्या वस्तीतील अनेक घरांची चूल चालते. पण त्या मुलाचा दिवस कसा जातो, हे आपण घरातली माणसे विचारत नाही. आला, जेवला, झोपला, एवढेच आपल्याला ठाऊक.

मसूरचा फाटा

गाडी मालकाची. रोजचे गिऱ्हाईक म्हणजे साताऱ्याहून मिरजेच्या दवाखान्यांत जाणारी माणसे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे इस्पितळ सुरू केले. तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव अशीच ख्याती झाली. त्या दिवशी गाडीत एक म्हातारी आजी, तिचा मुलगा आणि सून होती. आजीच्या गुडघ्याचे दुखणे जुने होते. तिला पुढे बसायचे होते, कारण मागे पाय लांब करता येत नव्हते. मुलगा नको म्हणत होता. आपल्या तरुणाने काही न बोलता पुढची सीट मागे सरकवली, आजीला हात धरून बसवले आणि पट्टा स्वतः लावून दिला. आम्ही मागे सरकलो.

पोवई नाका मागे पडला. शेंद्रे, नागठाणे करीत गाडी उंब्रजला आली. तिथे त्याने वेग थोडा कमी केला आणि डाव्या हाताने दाखवले, "काका, हा मसूरचा रस्ता."

एवढेच बोलला. पण आम्हाला पुढचे सांगण्याची गरज नव्हती.

१९०१ सालची गोष्ट आहे. सुभेदार रामजी आंबेडकर खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. मुले साताऱ्यात होती. आई भीमाबाई वारली होती. लहान भीमराव आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना गोरेगावला बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घालून भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि घरातील मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. आपण येतो आहोत हे त्यांनी पत्राने कळवले होते, पण ते पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. न्यायला कोणी आले नाही.

कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. तुम्ही कोण, असे विचारताच नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने मागचा पुढचा विचार न करता आपली जात सांगून टाकली. मास्तरांचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ उभ्या होत्या. दुप्पट भाडे देतो म्हटले तरी एकही गाडीवान या मुलांना न्यायला तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने सोबत पायी चालायचे.

वाचकहो, गाडी भाड्याची, पैसे दुप्पट आणि बैलांचा कासरा कोवळ्या पोरांच्या हातात! आमच्या माहितीप्रमाणे आपल्या समाजाच्या इतिहासातील सर्वांत जास्त लक्षात राहावा असा हा 'ड्रायव्हर' आहे. त्याच्याकडे वाहन चालवण्याची हौस नव्हती. त्याला कोणी बसवून घेत नव्हते, म्हणून त्याला हाकावे लागले.

पुढचे आणखी बोलके आहे. अंधार पडला, रस्ता सुनसान झाला, तेव्हा तोच गाडीवान अचानक गाडीत चढून मुलांच्या शेजारी बसला आणि त्याने कासरा आपल्या हाती घेतला. विटाळ उजेडापुरताच होता. रात्री ते एका टोलनाक्याच्या झोपडीपाशी पोहोचले. डब्यात जेवण होते, पण पाण्याचा थेंब नव्हता. गाडीवानाच्या सांगण्यावरून भीमरावाने आपण मुसलमान आहोत असे सांगून नाकेदाराकडे पाणी मागितले. तेही मिळाले नाही. मुले उपाशीपोटी झोपली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोहोचली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये त्या पुस्तिकारूपाने छापल्या.

उंब्रज सोडले की थोड्याच वेळात तासवडेचा टोलनाका येतो. गाडी रांगेत उभी होती. आजीला तहान लागली होती. आपल्या तरुणाने दाराच्या कप्प्यातली स्वतःची बाटली काढून तिला दिली. आजीने तोंड लावून पाणी प्यायले, बाटली परत दिली आणि म्हणाली, "थंड हाय रं लेका." त्यानेही त्याच बाटलीतून दोन घोट घेतले. गाडीतल्या कोणालाही यात विशेष काही वाटले नाही. आम्हाला मात्र त्या नाक्यावर बराच वेळ दुसरे काही सुचले नाही.

आडनाव काय?

पण म्हणून सगळे संपले, असे समजायचे का? आजीला मिरजेत उतरवल्यावर, दवाखान्यासमोरच्या झाडाखाली डबा उघडून बसलो असता आम्ही त्याला हेच विचारले.

तो म्हणाला, "प्रवासी बसला की पहिल्या दहा मिनिटांत नाव इचारतो. नाव सांगितलं की म्हणतो, पुढं? मी गाव सांगायचो. तसं नव्हं, आडनाव काय? मग मी फोन आल्यावानी करायचो."

बरीच वर्षे तो असेच टाळत होता. मग एकदा सांगलीहून कऱ्हाडपर्यंत एक सुशिक्षित गृहस्थ भाड्याने आले. आडनाव विचारले, याने सांगितले. पुढे वाटेत हॉटेलवर गाडी थांबली. ते गृहस्थ आत गेले आणि म्हणाले, तुझा चहा गाडीतच पाठवतो. याआधी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर ते एकाच टेबलावर बसत, हे याने ऐकले होते. हा आत गेला, शेजारच्या टेबलावर बसला, चहा प्यायला आणि आपल्या चहाचे पैसे आपणच दिले. भांडण नाही, शब्द नाही. कऱ्हाड येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

आम्ही विचारले, "भीती वाटली नाही? मालकाला सांगितले असते तर?"

त्यावर त्याने जे उत्तर दिले ते आम्ही जसेच्या तसे देतो. "काका, बाबासायबांनी मसूरला खरं सांगितलं तर दुप्पट पैशानं का हुईना, गाडी मिळाली. नाक्यावर खोटं सांगितलं, तर पाणीबी मिळालं न्हाय. मग खोटं कशापायी सांगायचं?"

हे त्याला वडिलांनी शिकवले. वडील एसटीत ड्रायव्हर होते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. पुढे या लाल गाडीने आपल्या समाजातील कितीतरी घरांना खाकी गणवेश, बिल्ला, ठरलेला पगार आणि निवृत्तीनंतरचा आधार दिला. एसटीचा ड्रायव्हर गावात आला की पाटलाच्या वाड्यातली माणसेही त्याच्या मागे बसत. वडिलांची ती खाकी पेटीत अजून घडी घालून ठेवलेली आहे. मुलाच्या अंगावर मात्र खाकी नाही, बिल्ला नाही, ठरलेला पगारही नाही. फेरी झाली तर पैसे, नाही तर नाही.

सांगलीचे रस्ते, रस्त्यावरची माणसे

सांगलीकडे येताना पेठ नाका आणि आष्टा या पट्ट्यात उसाचा हंगाम असला की रस्ता वेगळाच होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, पुढे उसाने लादलेल्या बैलगाड्या. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. गाडीवर मराठवाड्यातून आलेले ऊसतोड कुटुंब, उसाच्या मोळ्यांवर झोपलेले मूल. आपला हा तरुण डिकीत लाल रेडियमच्या पट्ट्या ठेवतो. वाटेत चहाला थांबला आणि शेजारी बैलगाडी दिसली की गाडीवानाला विचारून मागच्या बाजूला एक पट्टी चिकटवतो. दहा-वीस रुपयांचा मामला. "रातच्याला मलाच दिसंल न्हवं," एवढेच म्हणतो.

शहरात शिरले की दुसरी परीक्षा सुरू होते. साताऱ्याचे रस्ते उताराचे आणि अरुंद. राजवाड्यापासून मोती चौकाकडे येताना ब्रेकवरचा पाय उचलायची सोय नाही. सांगली सपाट, पण गर्दी अशी की मार्केट यार्डाकडे हळदीची पोती लादलेले टेम्पो, विश्रामबागेत कॉलेजची मुले, मिरज रस्त्याला रिक्षा, आणि मधूनच उलट्या दिशेने येणारा मोटारसायकलवाला. तो म्हणतो, "हॉर्न वाजवला तर माणूस चिडतो. थांबून हात केला तर हसतो. वेळ तेवढाच जातो." हवालदाराने थांबवले तर तो खाली उतरून कागद दाखवतो आणि हुज्जत घालत नाही. चूक असेल तर दंडाची पावती घेतो. पावती नाही तर पैसे नाहीत, हाही त्याचा नियम आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची हकिकत त्याने सांगितली. संध्याकाळी मिरज रस्त्यावर एक मोटारसायकलस्वार घसरून पडला. डोक्याला मार होता. माणसे गोल करून उभी राहिली, कोणी मोबाइलवर चित्रीकरण करीत होते. गाडीतल्या प्रवाशांनी त्याला सांगितले, चल पुढे, पोलिसांचे लचांड मागे लागेल. तो थांबला. दोघांना हाताशी घेऊन जखमीला मागच्या सीटवर आडवे केले आणि सरळ मिरजेला नेले. सीटवरचे रक्त त्याने रात्री स्वतः धुतले आणि मालकाने सीटकव्हरचे पैसे त्याच्या हिशेबातून कापले. पोलिसांनी एकदा नाव-पत्ता विचारला, तोही सक्तीने नाही. तो माणूस वाचला.

वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे, अशीही सक्ती नाही. लचांडाच्या भीतीने कोणाला रस्त्यावर सोडू नका.

चाळीसगावचा टांगा

आयर्विन पुलाजवळ गाडी उभी करून आम्ही कृष्णेकडे पाहत थांबलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. कितीतरी रिक्षावाल्यांच्या रिक्षा त्या पुरात बुडाल्या आणि कर्जाचे हप्ते मात्र तरंगत राहिले. हा पूल १९२९ सालचा. ते साल आम्हाला दुसऱ्याच एका पुलासाठी आठवले.

त्याच १९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात गेले होते. चाळीसगावी उतरले असता वस्तीतील लोकांनी त्यांना घरी नेण्याचा आग्रह धरला. एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने देतो, पण हाकणार नाही, अशी अट. तेव्हा वस्तीतील एक भला माणूस पुढे झाला आणि त्याने लगाम धरला. त्याने त्यापूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकले. बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले.

या प्रसंगातला अपमान आपण नेहमी सांगतो, आणि सांगितलाच पाहिजे. पण त्यात दुसराही एक धडा आहे आणि तो आपल्या घरासाठी आहे. लगाम धरणाऱ्याच्या मनात बाबासाहेबांविषयी प्रेम काठोकाठ होते. कमी होते ते कसब. ते त्याचे पाप नव्हते. ज्यांनी त्याला टांगा शिकण्याची वेळच येऊ दिली नाही, त्यांचे ते पाप होते. आज मात्र शिकण्याची दारे उघडी आहेत. तरी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तिघे-तिघे बसून, डोक्यावर हेल्मेट नाही, खिशात लायसन्स नाही, वय पंधरा, अशी आपलीच पोरे सुसाट जाताना दिसतात. हातात निळा झेंडा असतो म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. बाबासाहेबांची जयंती कोणाच्याही घरातील सुतकाने संपू नये.

आईबापांनी समजून घ्यावे. पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी सोळा वर्षांनंतर, इतर मोटारसायकल व मोटार अठरा वर्षांनंतर आणि भाड्याचे प्रवासी वा माल नेणारे वाहन वीस वर्षांनंतरच चालवता येते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्या मुलाला उद्या या धंद्यावर पोट भरायचे आहे, त्याचे हातच आज आपण लाडाने कापून टाकतो.

मालकाचा फोन

परतीच्या वाटेवर संध्याकाळी साडेसहाला कऱ्हाडजवळ मालकाचा फोन आला. रात्री अकराला साताऱ्याहून पुण्याला विमानतळावर जायचे आहे, पहाटे तिथून दुसरे भाडे घेऊन यायचे. हा मुलगा पहाटे साडेचारपासून उठलेला होता.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, तेव्हाच दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असे मोजमाप ठरवले गेले. पण एक मालक, दोन गाड्या आणि तीन मुले अशा धंद्यात घड्याळ कोण बघतो? शिवाय या मुलाचे मूळ लायसन्स मालकाने 'जपून ठेवायला' म्हणून कपाटात ठेवले होते. हा मोबाइलमधले दाखवून काम चालवत होता. काम सोडतो म्हटले की कपाटाची किल्ली सापडत नाही.

त्याने गाडी कडेला घेतली. थोडा वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. एकदा खंबाटकी घाटात पहाटे तीनला त्याचा डोळा लागला होता. मागे चौघे झोपलेले होते. कठडा घासून गाडी थांबली. हे त्याने आईला आजवर सांगितलेले नाही. त्याने फोन लावला आणि म्हणाला, "मालक, आज रातची फेरी मला जमणार न्हाय. चौदा तास झाले. दुसरा पोरगा बघा." पलीकडून काय आले ते आम्हाला ऐकू आले नाही. त्याचा चेहरा मात्र दिसला.

दोन दिवस त्याला काम मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी मिरजेच्या त्याच आजीची पुन्हा तपासणीची तारीख होती. आजीच्या मुलाने मालकाला फोन करून सांगितले, गाडी तुमची कोणतीही पाठवा, पोरगा तोच पाठवा. मालकाने त्याला बोलावले. हा वडिलांना बरोबर घेऊन गेला आणि आधी आपले लायसन्स मागून घेतले. मालकाने दिले. अर्थात पुढच्या महिन्यात काय होईल, हे आम्ही सांगू शकत नाही, तोही सांगू शकत नाही.

म्हणून आपल्या घरातील चालकांना आणि त्यांच्या आयांना, बायकांना आमचे सांगणे आहे. लायसन्स ही तुमची मालमत्ता आहे, ती कोणाकडे गहाण ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आहे की हलक्या वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला ७,५०० किलो वजनापर्यंतचे भाड्याचे वाहनही चालवता येते. तेव्हा त्या कारणाने कोणी अडवत असेल तर हा निकाल दाखवा. गाडीचा विमा चालू आहे का, हे चावी घेण्याआधी विचारा, लाजू नका. पंचशीलातील पाचवे शील गाडीवर बसणाऱ्याने तर दोनदा म्हणावे. आणि घरच्यांनो, तो रात्री आला की आज किती पैसे मिळाले, हे विचारण्याआधी आज किती तास झाले, हे विचारा.

त्या रात्री साताऱ्यात शिरताना तो राजवाड्यावरून आला. वाट थोडी लांबची होती. प्रतापसिंह हायस्कूलसमोर गाडी हळू झाली. इथल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो म्हणाला, "काका, बारावीनंतरचं बाहेरून शिकता येतं म्हणं. फॉर्म भरावा म्हणतो."

आम्ही म्हटले, भर. फी कमी पडली तर विहारात बोलू.

वस्तीत पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. आई दारातच उभी होती. तिने काही विचारले नाही. गाडीचे पुढचे दिवे बंद झाले तेव्हा ती आत गेली आणि तिने तवा ठेवला.

जयभीम!